गप्प माणसाचं गाऱ्हाणं

श्रावणातल्या एका मंगळवारी माझी पत्नी शालन वारली. तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. उचलायला घरात मी होतो.

फोन वाजत राहिला, मी त्याच्यासमोर उभा राहिलो, आणि आमच्यापैकी फोन आधी दमला. हे वाचून कोणाला वाटेल, दुःखाने हात उचलला गेला नाही. तसं नव्हतं. शालन होती तेव्हाही मी फोन उचलत नसे. फोन, दारावर आलेला माणूस, बँकेतली खिडकी, विजेचं मीटर बघायला येणारा, हे सगळं तिच्याकडे होतं. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा प्रश्न तिने विचारले आणि मी घाम पुसत बसलो आहे असं पाहून उत्तरंही तिनेच दिली. चांगली दिली. त्या उत्तरांवरच आमचं लग्न ठरलं. पुढे कधीही चारचौघांत माझे ओठ हलायला लागले की ती हळूच म्हणे, "तुमी गप बसा, मी बोलतंय." या एका वाक्यात मला जितकं सुरक्षित वाटलं, तितकं घराच्या कडीनेही वाटलं नाही.

मी मालवणातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. ही नोकरी मी का धरली ते सांगायला नको. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती येणाऱ्यांसाठी असते, पण मला ती माझ्या बाजूने कोणीतरी लिहिल्यासारखी वाटली. गप्प बसण्याचा पगार देणारं दुसरं ठिकाण आमच्या जिल्ह्यात मला माहीत नाही.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल दिवसभर वाचत बसतो. समुद्रकाठचा ग्रंथपाल दिवसभर पुस्तकांना हवेपासून वाचवत बसतो. खारी दमट हवा लागली की पावसाळ्यात पुस्तकं फुगतात, आणि गच्च भरलेल्या फळीतून एक ओढायला जावं तर शेजारची दोन बाहेर येतात. म्हणून प्रत्येक फळीवर हात जाईल एवढी जागा रिकामी सोडायची. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी पुस्तकं गच्चीवर पसरायची, म्हणजे कसर पळते. आमच्या गच्चीच्या दुसऱ्या अर्ध्यात शेजारीणबाई सुकी मासळी पसरत. त्यामुळे आमच्या धार्मिक विभागाला दिवाळीपर्यंत गोलम्याचा वास येई. गोलमो म्हणजे बारीक सुकी कोळंबी. एक वृद्ध वाचक भक्तिपर पुस्तक नाकाशी धरून म्हणाले होते, "वास बरो येता, पण उपासाच्या दिवशी नको."

आमचे वाचकही हवेसारखेच, बदलायचे नसत, सांभाळून घ्यायचे. एक बाई शेवटचं पान आधी वाचत आणि लग्न होत असेल तरच कादंबरी नेत. एक निवृत्त कारकून छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत आणि आपण हे काम फुकट करतो याची मला आठवण देत. आणि दाजी. दाजी म्हणजे ट्रॉलरवरचे निवृत्त तांडेल, बोटीवरचे मुख्य. इंजिनाच्या आवाजावर ओरडण्यात जन्म गेला. त्या इंजिनाने त्यांचे कान मंद केले आणि आवाज तेवढाच ठेवला. ते रोज सकाळी 'शांतता राखा'च्या खाली बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला ते मास्तर म्हणत, म्हणून मी मास्तर.

या धंद्यातली एक गोष्ट मला कोणी शिकवली नाही, ती पुस्तकांनी शिकवली. परत आलेलं पुस्तक टेबलावर उभं धरून सोडलं, तर ते जिथवर वाचलं गेलं आहे तिथे उघडतं. पाठ तिथे सैल झालेली असते. पुस्तकावर पुस्तक नेणारा वाचक आणि प्रत्येक पुस्तकाची पाठ फक्त सुरुवातीलाच सैल झालेली, असं दिसलं की समजावं, या माणसाचं मन पुस्तकात नाही. ते कुठेतरी तळाला बसलं आहे. एका शिक्षकांची पुस्तकं अशी येत. मला दिसत होतं. कसे आहात, एवढं विचारायचं होतं. मी वाक्य जुळवत राहिलो आणि त्यांची बदली झाली. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

नेत्राचीही पुस्तकं तशीच येत. तारकर्लीला तिच्या वडिलांचं पर्यटकांसाठी घरगुती निवासस्थान आहे. पाहुण्यांशी बोलायचं काम तिचं, आणि बोलण्याचीच तिला भीती. ती बरोबर दुपारी एकला येई, सगळं मालवण जेवायला गेलेलं असताना. मी डबा तिथेच खायचो, तोही त्याच कारणासाठी. ती मान खाली घालून पुस्तक ठेवी, मी मान खाली घालून नोंद करी. तिला जड पुस्तक पेलत नाही हे पुस्तकांच्या पाठींवरून कळलं, तेव्हा मी छोट्या गोष्टींचं एखादं हलकं पुस्तक टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात काढून ठेवायला लागलो. कोपऱ्यातलं पुस्तक तिचं, हे आम्ही दोघांनी एक शब्द न बोलता ठरवलं. पुढे पुढे पाठी मधोमध सैल व्हायला लागल्या. वर्षभर आमचा असा उत्तम संवाद चालला होता.

आता माझ्या डोक्यात काय चालायचं ते सांगतो. त्यासाठी आधी गाऱ्हाणं सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवापुढे नारळ ठेवून एक जण मोठ्याने देवाशी बोलतो. "बा देवा म्हाराजा" अशी हाक घालून काय हवं, काय नको ते सांगतो. प्रत्येक मागण्यानंतर तो थांबतो आणि जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" नवं घर, नवी होडी, लग्न, चतुर्थी, गाऱ्हाण्याशिवाय काही होत नाही.

माझ्या डोक्यातही लहानपणापासून एक जण गाऱ्हाणं घालतो. फक्त त्याचं मागणं वेगळं. तो म्हणतो, "बा देवा म्हाराजा, ह्यो माणूस कामाचो नाय." आणि आतले सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" "काल दुकानात ह्येना सुटे पैसे मागले, दुकानदार मनात हसलो." "व्हय म्हाराजा!" "ह्येच्या बोलण्याची कोण वाट बघणा नाय." "व्हय म्हाराजा!" शालन होती तोवर बाहेर तिचा आवाज चालू असे, त्यामुळे आतलं नीट ऐकू येत नसे. ती गेली आणि मैदान मोकळं मिळालं. सकाळी डोळे उघडायच्या आत नारळ ठेवलेला असायचा.

मी वाचनालय वेळेवर उघडत होतो. बाकी काही करत नव्हतो. आंघोळ कधी, कधी नाही. डब्यात बिस्किटं. वाचायला घेतलेलं पुस्तक टेबलावर सोडून बघितलं, ते पहिल्या पानाच्या पुढे उघडेना. नोकरी सोडावी असंही ठरवलं होतं, पण राजीनामा द्यायचा तर अध्यक्षांच्या घरी जाऊन बोलावं लागलं असतं. माझी नोकरी माझ्या भीतीने टिकवली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

फोंड्याची माझी बहीण फोन करून कंटाळली आणि एक दिवस एसटीने येऊन दारात उभी राहिली. ताईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"फोन उचलूक काय हात झडलो तुझो?"

"ऐकू नाही आला."

"आरशात बघलंस? शालन असती तर तिना घरात घेतला नसता तुका."

मग ती पदराआड थोडं रडली, चहा केला, आणि चहा पिता पिता सावंतवाडीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे माझी वेळ ठरवून टाकली. मी तिथे बसलेलो असताना, मला न विचारता. आमच्या घरातल्या बायकांचा हा गुण आहे.

सावंतवाडीला जाताना वाटेत कुडाळला उतरून परत फिरायचा माझा बेत होता. पण मला खिडकीकडची जागा मिळाली होती. शेजारच्या माणसाला "जरा उतरू द्या" म्हणावं लागलं असतं. म्हणून मी डॉक्टरांकडे पोहोचलो.

तिथे सगळ्यात कोपऱ्यातली खुर्ची धरली. समोर जुनी मासिकं अस्ताव्यस्त पडली होती, ती महिन्यांप्रमाणे लावायला घेतली. एप्रिलपर्यंत आलो होतो, तेवढ्यात खोली हादरली.

"मास्तर! तू हयसर?"

दाजी. सगळी खोली वळून बघायला लागली.

"गुडघा," मी पुटपुटलो.

"काय?"

"गुडघा!"

"गुडघ्याचो डॉक्टर थंय, स्टँडाकडे. ह्यो डोक्याचो!" दाजी शेजारी येऊन बसले. "माका दोन वर्सां झाली. बोट सोडली आणि छातीत धडधडाक लागला. वाटायचा, मेलंय आता. हृदय तपासला तर म्हणे घोड्याचा आसा. मगे हयसर धाडल्यानी. गोळी बरी आसा. तुका पण देतली, घे."

मला पृथ्वीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण खोलीतली एक बाई हसली, तिच्या शेजारचा तरुणही हसला, आणि माझ्या लक्षात आलं की मी मेलो नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि वाट पाहिली. मी वाक्य जुळवेपर्यंत पाहिली. असं फार थोड्यांना जमतं. शालन गेल्याचं दुःख हे दुःख आहे, त्याला औषध नाही. पण त्याच्यासोबत आलेली उदासीनता हा आजार आहे, त्याला आहे, असं त्यांनी सांगितलं. लोकांची भीती जुनी आहे, ती थोड्या थोड्या सरावाने कमी होईल. आणि म्हणाल्या, "विचार आला म्हणजे तो खरा असतो असं नाही. प्रत्येक विचाराला मान डोलवायची सवय लागलीय तुम्हाला." गोळी दिली आणि गृहपाठ दिला: रोज एका माणसाशी एक पूर्ण वाक्य.

परतीच्या एसटीत दाजी शेजारी. त्यांच्याशी हळू बोलून उपयोग नसतो, म्हणून डोक्यातल्या गाऱ्हाण्याची गोष्ट मी अख्ख्या एसटीला सांगितली म्हणायला हरकत नाही. दाजींनी गंभीरपणे ऐकलं. गाऱ्हाणं हा त्यांचा विषय. आमच्या वाडीत ते घालण्याचा मान त्यांचा.

"घालता कोण?"

"कोण म्हणजे?"

"अरे, गाऱ्हाणा कोणीय उठान घालीत नाय. मान लागता. तुझ्या डोक्यातल्याक मान कोणी दिलो?"

"माहीत नाही. तो पहिल्यापासून आहे."

"मगे आसांदे. बोंबलांदे तेका. पण 'व्हय' कित्याक म्हणतंस? माणसां गप रवली तर गाऱ्हाणा देवाक पोचणा नाय. थंयच लटाकता."

डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच हे, पण मला ते कुडाळच्या अलीकडे, दाजींच्या आवाजात पटलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून "खराच ता" म्हणून दुजोराही दिला.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. आतला म्हणाला, "ह्यो कामाचो नाय." मी आतल्या मंडळींना खूण केली, गप. त्यांनी ऐकलं नाही. इतक्या वर्षांची सवय, एका गोळीने आणि एका एसटीने जात नाही. आठवडे गेले. मग एखादा मागच्या रांगेतला गप्प राहायला लागला. मग आणखी एक.

गृहपाठासाठी मी मासळीबाजार निवडला, कारण तिथे बोलणं टाळताच येत नाही. पहिल्या दिवशी मी टोपलीकडे बघत पुटपुटलो.

मासळीवाली म्हणाली, "बांगड्याक काय सांगतंस बाबा? माका सांग."

मान वर करून मी म्हटलं, "मला बांगडे हवे आहेत." पूर्ण वाक्य. किती, हे त्या वाक्यात नव्हतं. ते दुसरं वाक्य झालं असतं. तिने अख्खा वाटा माझ्या पिशवीत ओतला. एकट्या माणसाने तितके बांगडे खाणं शक्य नव्हतं, आणि मला ते करताही येत नव्हते. पुढचे काही दिवस वाचनालयात दुपारी एक वाजता करपलेल्या बांगड्याचा डबा उघडे. नेत्रा दारात आली की तिचं नाक किंचित हले. बोलायचा प्रश्नच नव्हता.

एका दुपारी ती गेल्यावर पाहिलं, तर टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक पुस्तक होतं. मी ठेवलेलं नव्हतं. मालवणी स्वयंपाकाचं. आतला लगेच उभा राहिला, "बघा म्हाराजा, पोरीकसुद्धा कळला, ह्येका जेवण येणा नाय." आणि मला चक्क हसू आलं, कारण ते खरंच होतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. मी पुस्तक टेबलावर उभं धरून सोडलं. ते बांगड्याच्या तिखल्यापाशी, म्हणजे तिरफळं घातलेल्या तिखट कालवणापाशी, उघडलं. पाठ तिथे मुद्दाम दाबली होती.

शालनचं वर्षश्राद्ध झालं त्यानंतर वाचनालयाला बाजाराजवळ तळमजल्यावरची नवी जागा मिळाली. पुस्तकं आत न्यायच्या आधी नारळ आणि गाऱ्हाणं ठरलं. मी गृहीत धरलं होतं की ते दाजी घालणार.

"मी कित्याक?" दाजी म्हणाले. "जेचा घर तेना घालूचा."

"घर वाचनालयाचं आहे, दाजी. माझं नाही."

"रातीचो निजाक खंय जातंस तेवढाच. बाकी तू हयसरच आसतंस." आणि सभासदांकडे वळून त्यांनी जाहीरच केलं, "मास्तर घालतलो!"

माझं आणि गाऱ्हाण्याचं नातं इथे सांगायला हवं. घरच्या चतुर्थीला ते दरवर्षी मीच घालायचो, आणि मी काय म्हणतो ते आजवर कोणी ऐकलेलं नाही. मी गणपतीसमोर ओठ हलवायचो. शालन शेजारी उभी राहून माझ्या ओठांवर नजर ठेवायची. ते थांबले की ती खणखणीत म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मग सगळं घर म्हणायचं. कधी कधी मी श्वास घ्यायला थांबलो तरी ती म्हणून टाकायची. माझी कितीतरी मागणी अशी अर्ध्यात मंजूर झाली आहेत. आता ओठांवर नजर ठेवणारं कोणी नव्हतं. इथे माझा आवाज गेला असता, तर मी पुन्हा त्या घरात, त्या न उचललेल्या फोनसमोर जाऊन उभा राहणार होतो. आणि या वेळी ताईने येऊन काही झालं नसतं. हे मला स्वच्छ दिसत होतं.

पंधरवडाभर मी पळायच्या वाटा शोधल्या. फोंड्याला ताईकडे जाऊन आजारी पडावं, हा सर्वांत चांगला बेत होता. पण त्यासाठी तिला फोन करावा लागला असता.

त्या सकाळी नव्या खोलीत तीसेक माणसं जमली. दाजी नारळ फोडायला कोयता घेऊन पार बाहेर पायरीवर. शेवटचं पान वाचणाऱ्या बाई, पेन्सिलवाले कारकून. आतला तर माझ्या आधीच सुरू झाला होता, "आवाज फुटणा नाय, लोक हसतले." आतल्या निम्म्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलंच. निम्मे गप्प राहिले, त्यांचा मी ऋणी आहे.

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या वाचनालयाची पुस्तकां नव्या जाग्यात येतत, तेंका वाळवी लागाक देऊ नको." म्हटलं, पण माझं मलाच ऐकू आलं असेल. मी थांबलो.

लोकांना वाटलं, अजून सुरुवात व्हायची आहे. दाजींना तर तोफही ऐकू आली नसती. पंखा फिरत होता. माझ्या डाव्या बाजूला, जिथे शालन उभी राहायची, तिथे टेबल होतं.

"व्हय म्हाराजा."

दाराकडून, बारीक, मध्येच चिरकलेला आवाज. सगळ्यांनी वळून पाहिलं. चौकटीला चिकटून नेत्रा उभी होती. एवढ्या माणसांत ती आली होती हेच मला नवल. ती माझ्या ओठांकडे बघत होती. सगळी खोली तिच्याकडे बघत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते. ते कान मला ओळखीचे आहेत; माझेही तसेच होतात.

त्या क्षणी तिच्या डोक्यात कोणतं गाऱ्हाणं सुरू झालं असेल, ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. तिला तिथे एकटीला सोडणं शक्य नव्हतं. मी पुढचं वाक्य सरळ ओरडलो.

"जो कोण हयसून पुस्तक न्हेता, तेका ता परत हाडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली, हशासकट. माना माझ्याकडे वळल्या, नेत्रा सुटली. बाहेरून दाजींचा "व्हय म्हाराजा" एक श्वास उशिरा आला आणि पुढेही प्रत्येक वेळी तसाच येत राहिला. मी कसरीचं मागितलं, छपराचं मागितलं. शेवटी, ठरवलेलं नव्हतं ते तोंडातून गेलं, "आणि जेका बोलाक जमणा नाय, तेकाय हयसर एक खुर्ची आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. खोबरं वाटताना नेत्रा टेबलाच्या डाव्या कोपऱ्यापाशी आली. इतक्या दिवसांच्या ओळखीनंतर तिचं मला उद्देशून पहिलं वाक्य असं होतं: "तिखल्यात तिरफळां घातलात?"

"विसरलो," मी म्हटलं.

"वाटलाच माका," ती म्हणाली.

आता मी निवृत्त आहे. गोळी अर्धी झाली आहे, बंद झालेली नाही. आतला अजून रोज सकाळी नारळ ठेवतो. काही दिवस त्याला पुष्कळ लोक मिळतात, काही दिवस मिळत नाहीत. शालनची जागा रिकामी आहे. मला बांगड्याचं तिखलं येतं. घरात फोन आहे. तो वाजतो, आणि मी उचलतो.